फ्री 'कायदेशीर बंदूक' क्लास, रेक सेंटरमध्ये (वस्तीतलं सरकारी करमणूक केंद्र). जावं का?

मेघना_वेस्टफिली

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, आज धागा काढावा लागला कारण घरात यावरून दोन पार्ट्या पडल्यात.

आम्ही फिलाडेल्फियात राहतो, वेस्ट फिलीला, रो-हाउस आहे. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, बऱ्याचदा रात्रीची शिफ्ट, आणि ट्रॉलीतून (म्हणजे इथली ट्राम) उतरून घरापर्यंत चालत यावं लागतं. गल्ली तशी वाईट नाहीये पण मागच्या हिवाळ्यात कोपऱ्यावर एकाला पिस्तूल दाखवून लुटलं, आणि ज्याला लुटलं तो माणूस रोज माझ्यासमोर कुत्रा फिरवतो त्यामुळे विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही. तर शेजारी एक काकू आहेत, ब्लॅक, रिटायर्ड बस ड्रायव्हर, आख्ख्या ब्लॉकची बित्तंबातमी त्यांच्याकडे. त्यांनी दारात येऊन फ्लायर हातात दिला. शनिवारी रेक सेंटरमध्ये फुकट क्लास आहे, बंदूक कायदेशीररीत्या कशी घ्यायची, कुठे नेता येते कुठे नाही, पोलिसांनी अडवलं तर काय करायचं, आणि एक तास 'भांडण वाढू न देणं' यावर. काकू म्हणाल्या, घे किंवा घेऊ नकोस, कायदा तरी ऐकून ठेव, या गल्लीतली निम्मी पोरं कागदपत्रांत अडकून आत गेलीत.

नवऱ्याचं म्हणणं की हे बंदूकवाल्यांचं मार्केटिंग आहे, आपण इमिग्रंट माणसं, या भानगडीत पडायचंच नाही. आम्ही दोघं ग्रीन कार्डवर. भाचा आमच्याकडे राहून मास्टर्स करतोय, एफ-1 म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, तो मात्र 'मामी मी पण येतो' म्हणून एका पायावर तयार. मुलगी सहा वर्षांची आहे हेही सांगून ठेवते.

तर कुणी असल्या क्लासला गेलंय का? आत नक्की काय चालतं, गळ्यात काही मारतात का? ग्रीन कार्डवाल्यांना बंदूक घेता तरी येते का, आणि भाच्याला नेलं तर त्याच्या व्हिसाला काही होणार नाही ना? घ्यायचीच आहे असं नाही हां, आधीच सांगते, नाहीतर प्रतिसादांत युद्ध सुरू होईल.

जुना_फिलीकर

युद्ध तर होणारच, धाग्याचं नाव बघा की :)

मी गेलोय असल्या क्लासना, दोन वेगवेगळ्या ग्रुपच्या. विकायला कुणी बसलेलं नसतं. दारातच सांगतात की स्वतःची बंदूक, लायसन्स असलं तरी, आत आणायची नाही, गोळ्या खोलीत एकही नाही. शिकवायला निळ्या प्लास्टिकचं पिस्तूल असतं, आकार वजन खऱ्यासारखं पण आतून भरीव, त्यातून काही उडूच शकत नाही. तरी ते कुणी उचललं आणि बोट ट्रिगरवर गेलं की इन्स्ट्रक्टर तिथल्या तिथे ओरडतो. ट्रिगरपासून बोट लांब, नळी कुणाकडे वळवायची नाही, प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं, आणि निशाण्याच्या मागे काय आहे ते बघायचं. या चार गोष्टी इतक्यांदा घोकून घेतात की शाळेतल्या पाढ्यांची आठवण होते.

मला सगळ्यात उपयोगी वाटलं ते फॉर्म 4473 चं. दुकानातून बंदूक घेताना भरावा लागतो तो फेडरल (म्हणजे केंद्र सरकारचा) फॉर्म, तो भिंतीवर प्रोजेक्टरने दाखवतात आणि एकेक प्रश्न घेऊन बसतात. कारण खोटं उत्तर दिलं तर तो स्वतंत्र फेडरल गुन्हा, बंदूक मिळो न मिळो. एक वर्षापेक्षा जास्त शिक्षा होऊ शकेल अशा गुन्ह्यात दोषी ठरलायत का हा एक प्रश्न आहे. आता माणूस म्हणतो मी तर एक दिवसही आत नव्हतो, प्रोबेशनवर सुटलो. पण प्रश्न तो नाहीच आहे ना, शिक्षा किती *होऊ शकत होती* हे विचारलंय. पेनसिल्व्हेनियात काही मिसडिमीनरना (कमी गंभीर समजल्या जाणाऱ्या गुन्ह्यांना) पण पाच वर्षांपर्यंत शिक्षा लिहिलेली आहे, आणि मग तो माणूस फेडरल कायद्याने आयुष्यभर बाद आणि त्याला पत्ताच नाही. माझ्या बाजूला बसलेला पन्नाशीचा गृहस्थ हे ऐकून नुसता कपाळाला हात लावून बसला होता, तेवीसाव्या वर्षीचं काहीतरी प्रकरण होतं त्याचं.

दुसरं म्हणजे दुसऱ्यासाठी घेणं. बॉयफ्रेंडचं रेकॉर्ड खराब म्हणून गर्लफ्रेंड स्वतःच्या नावावर घेते, याला स्ट्रॉ पर्चेस म्हणतात, 2022 च्या कायद्यानंतर त्याला फेडरलमध्ये 15 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शहरातल्या बायका यात फार अडकतात त्यामुळे यावर बराच वेळ देतात.

कोण घेतं म्हणाल तर फिलीत यातलं गाजलेलं नाव म्हणजे मॅज टूरे. नॉर्थ फिलीचा माणूस, 2015 मध्ये 'ब्लॅक गन्स मॅटर' सुरू केलं, शहरोशहरी जाऊन फुकट क्लास. त्याचं राजकारण उघड आहे, सरकारी बंधनं कमीत कमी हवीत म्हणणाऱ्या लिबर्टेरियन पार्टीकडून सिटी कौन्सिलची निवडणूकही लढवला. तुमच्या रेक सेंटरवाले कोण ते मला माहीत नाही, फ्लायरवर बघा. राजकारणाचं थोडं ऐकून घ्यावं लागेल, ते या कानाने ऐका त्या कानाने सोडा. कायद्याचा भाग कामाचा असतो.

शांताराम_डेलको

माझं सरळ मत, जाऊ नका. क्लास चांगला असेलही पण हा पहिला पाय आहे. आज कायदा ऐकायचा, पुढच्या महिन्यात शूटिंग रेंजवर, दिवाळीपर्यंत कपाटात पिस्तूल. या देशात बंदुकीने जे मरतात त्यातले निम्म्याहून जास्त आत्महत्येने मरतात हे या क्लासमध्ये सांगतात का? घरात बंदूक असली की तो धोका वाढतो हे डॉक्टर लोक वर्षानुवर्षं सांगतायत. औषधाच्या गोळ्या खाऊन प्रयत्न केलेला माणूस बऱ्याचदा वाचतो, पिस्तुलाने केलेला क्वचितच. तुमच्या घरात सहा वर्षांची पोरगी आहे आणि रात्रपाळी करून थकलेली आई आहे.

आणि ट्रॉली स्टॉपवर मागून येऊन कुणी पिस्तूल टेकवलं तर तुम्ही पर्समधून काय काढणार आहात? पाकीट द्या आणि घरी या.

मेघना_वेस्टफिली

शांताराम काका, थकलेली आई हे अगदी बरोबर :) घ्यायची नाहीये असं म्हटलं होतं मी. पण मुद्दा पटतो, नवऱ्याला वाचून दाखवला तर तो खूष झाला.

जुना_फिलीकर

@शांताराम, सांगतात. मी गेलो त्यातल्या एका क्लासमध्ये सुरुवातच त्यावर होती, इन्स्ट्रक्टर बाईंचा स्वतःचा भाऊ तसा गेला होता. घरातल्या कुणाचं मन ठिकाणावर नसेल तर बंदूक तेवढ्यापुरती घराबाहेर ठेवा, 988 ला (आत्महत्या रोखण्याची हेल्पलाइन) फोन करा, हे सगळं सांगितलं. सगळीकडे सांगतात का, तर नाही, दुसऱ्या ठिकाणी अवाक्षर नव्हतं. हा फरक आहे आणि मेघनाने तो बघावाच. मला विचाराल तर क्लास कसा आहे हे ओळखायची खूण हीच, 'कधी घेऊ नये' यावर किती बोलतात.

नोटरी_नाही_वकील_नाही

व्हिसाचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि त्याला अजून कुणी हात लावला नाही म्हणून लिहितो. मी वकील नाही, पण इमिग्रेशनच्या ऑफिसात खूप वर्षं पॅरालीगल, म्हणजे वकिलाचा मदतनीस, म्हणून काम करतो, तेव्हा शेवटचा सल्ला वकिलाचाच घ्या.

ग्रीन कार्ड असेल तर फेडरल कायद्याने बंदूक घेता येते, नागरिकासारखीच, बॅकग्राउंड चेक होतो आणि फॉर्मवर एलियन नंबर (इमिग्रेशनचा नोंदणी नंबर) टाकावा लागतो. पण, आणि हा पण मोठा आहे, बंदुकीच्या बहुतेक गुन्ह्यांत दोषी ठरलात तर ग्रीन कार्डवाल्याला डिपोर्ट करता येतं. नागरिक माणूस दंड भरून किंवा प्रोबेशन भोगून मोकळा होतो, तुमचं घरदार जातं. म्हणजे तुम्हाला हक्क तोच आहे पण चुकीची किंमत वेगळी आहे. मेघनाताई, तुमच्या नवऱ्याची भीती अगदीच बिनबुडाची नाही, फक्त तिचं उत्तर 'ऐकायचंच नाही' हे नसून 'नीट ऐकायचं' हे आहे.

आता भाचा. एफ-1, एच-1बी, एच-4, बी-1/बी-2, हे सगळे नॉनइमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाचे व्हिसे. या लोकांना बंदूक *किंवा गोळ्या* बाळगायलाच बंदी आहे, नुसती विकत घ्यायला नाही. आणि बाळगणं म्हणजे मालकीची असणं नव्हे, हातात घेतली तरी झालंच. म्हणजे आपली मुलं ऑफिसच्या आउटिंगला शूटिंग रेंजवर जातात, भाड्याने पिस्तूल घेतात, फोटो काढतात आणि इन्स्टाग्रामवर टाकतात, हा सगळा प्रकार म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःविरुद्ध पुरावा तयार करणं आहे. रेंजवाला बरेचदा विचारत नाही, त्याने विचारलं नाही म्हणून ते कायदेशीर होत नाही. काही अपवाद आहेत, त्यातला सगळ्यात वापरात असलेला म्हणजे कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असणं. ऐकायला विचित्र वाटतं पण कायद्यात तसंच लिहिलंय, त्यामुळे कित्येक व्हिसावाले हरणाचं तोंडही न बघता हंटिंग लायसन्स काढून ठेवतात.

क्लासमध्ये बसून ऐकायला भाच्याला काहीच अडचण नाही. निळं प्लास्टिकचं पिस्तूल ही बंदूक नव्हे, ते धरलं तरी चालेल. क्लासनंतर 'चला रेंजवर' असं निघालं तर त्याने घरी यायचं. रेंजवर नुसतं मागे उभं राहून बघणं हा गुन्हा नाही म्हणा, पण पंचविशीतला मुलगा नुसता बघत उभा राहील यावर माझा विश्वास नाही.

आणि तुम्ही घरात बंदूक आणलीत तर? त्याच घरात भाचा राहतो. सेफची किल्ली किंवा कोड त्याला माहीत असेल तर सरकार म्हणू शकतं की बंदूक त्याच्याही ताब्यात होती, याला कन्स्ट्रक्टिव्ह पझेशन म्हणतात. सेफ लॉक, कोड फक्त तुमच्याकडे, विषय संपला. आणि 'मामी माझ्यासाठी पण एक घे ना' असं तो गमतीत जरी म्हणाला तरी वर फिलीकरांनी लिहिलेलं स्ट्रॉ पर्चेस त्याला वाचायला द्या.

अजून एक, हे आपल्या लोकांत फार कानाआड होतं. गांजा. न्यू जर्सीत दुकानात मिळतो, पेनसिल्व्हेनियात मेडिकल कार्डावर मिळतो, पण फेडरल कायद्याने तो घेणारा माणूस बंदूक बाळगू शकत नाही आणि फॉर्म 4473 वर तसा थेट प्रश्न आहे. पाठदुखीसाठी मेडिकल कार्ड काढलेलं असेल तर आधी वकील गाठा. या कायद्यावर कोर्टात बरीच भांडणं चालू आहेत पण तुम्ही स्वतः त्यातली केस बनायची हौस कशाला.

सायली_चेरीहिल

बापरे, रेंजचं वाचून पोटात गोळा आला, आमच्या टीमची आउटिंग तिथेच झालेली. मी एच-1बी वर असताना. फोटो काढून टाकते जाऊन.

नोटरी_नाही_वकील_नाही

सायली, आता लगेच धडाधड डिलीट वगैरे करण्याआधी एखाद्या वकिलाशी बोल. पुढे नागरिकत्वाचा फॉर्म भरशील तेव्हा त्यातल्या प्रश्नांना काय उत्तर द्यायचं तेही त्यालाच विचार. इथे उघड्यावर याहून जास्त लिहू नकोस.

बेन_फ्रँकलिन_ब्रिजवाला

वेस्ट फिलीतून पुलापलीकडे न्यू जर्सीत गाडीने किती वेळ लागतो, वीस पंचवीस मिनिटं? तेवढ्यात माणूस कायदेशीरचा गुन्हेगार होतो. 2013 ची केस फिलीत सगळ्यांना माहीत आहे. फिलाडेल्फियाची बाई, दोन मुलांची आई, एकटीने संसार करणारी, मेडिकल लाइनमधलीच, लुटली गेली म्हणून रीतसर बंदूक घेतली, पेनसिल्व्हेनियाचं कॅरी लायसन्स (बंदूक जवळ घेऊन फिरायचं) काढलं. न्यू जर्सीत गाडी चालवताना पोलिसाने किरकोळ कारणासाठी थांबवलं, हिने प्रामाणिकपणे स्वतःहून सांगितलं की माझ्याकडे बंदूक आहे आणि हे लायसन्स. न्यू जर्सी पेनसिल्व्हेनियाचं लायसन्स मानतच नाही! तिथल्या तिथे अटक, आणि तिथल्या कायद्याप्रमाणे पॅरोलशिवाय किमान तीन-साडेतीन वर्षं तुरुंग डोक्यावर. देशभर बोंबाबोंब झाली, मग सरकारी वकिलांनी 2014 मध्ये तिला पहिल्यांदा चुकलेल्यांसाठीच्या प्रोग्राममध्ये घातलं आणि 2015 मध्ये गव्हर्नर ख्रिस क्रिस्टींनी पूर्ण माफी दिली. तोवर तिची नोकरी, झोप, सगळं गेलेलं. ती केस गाजली म्हणून सुटली, न गाजलेल्यांचं काय.

ड्रायव्हिंग लायसन्स सगळीकडे चालतं म्हणून हेही चालेल असं कुणालाही वाटेल, त्यात त्या बाईचं काय चुकलं. पण कुणी सांगायला नको? म्हणून मी या क्लासच्या बाजूने आहे, आणि मी स्वतः बंदूक ठेवत नाही.

मधल्या राज्यातून फक्त पार व्हायचं असेल तर 1986 चा फेडरल कायदा आहे, बंदूक रिकामी, कुलूपबंद पेटीत, डिकीत, गोळ्या वेगळ्या, आणि निघालात तिथे आणि पोचणार तिथे दोन्हीकडे ती कायदेशीर हवी. पण अटलांटिक सिटीला जाऊन कसिनोत रात्र काढली तर ते 'पार होणं' राहत नाही.

शांताराम_डेलको

म्हणजे इतके नियम पाठ करायचे, सेफ घ्यायची, भाच्यावर लक्ष ठेवायचं, पूल ओलांडताना डिकी तपासायची. मी म्हणतो त्यापेक्षा उबर करा ट्रॉली स्टॉपपासून.

बेन_फ्रँकलिन_ब्रिजवाला

हे मात्र खरंय, हसलो.

शिकागोचा_वारा

फिलीचा नाही पण दोन शब्द. नवऱ्याने 'मार्केटिंग' म्हटलंय त्यावर. शहरातल्या ब्लॅक लोकांचं या विषयाशी नातं बंदूक कंपन्यांनी जोडलेलं नाही, ते फार जुनं आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर 1956 मध्ये बॉम्ब टाकला त्यानंतर त्यांनी अलाबामात बंदूक जवळ बाळगायच्या परमिटसाठी अर्ज केला होता, नाकारला. 1964 मध्ये लुइझियानात 'डीकन्स फॉर डिफेन्स' उभी राहिली, नागरी हक्कवाल्यांच्या रक्षणाला. 1967 मध्ये कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर्स (ब्लॅक लोकांची जहाल संघटना) उघड बंदुका घेऊन पोलिसांच्या मागे फिरायला लागले तेव्हा भरलेली बंदूक उघड बाळगायला बंदी करणारा मुलफोर्ड ॲक्ट आला, सही कुणाची, तर गव्हर्नर रेगन यांची. परमिट द्यायचं की नाही हे साहेबाच्या मर्जीवर असलं की कुणाला मिळत नाही हे काकूंच्या पिढीला सांगायला नको.

आणि आमच्या गावची गोष्ट. 1982 पासून शिकागोत नवी हँडगन घरातही ठेवता येत नव्हती. ओटिस मॅकडोनाल्ड नावाचे सत्तरीतले ब्लॅक आजोबा, मॉर्गन पार्कमध्ये घर, वारंवार चोऱ्या झालेल्या, ते कोर्टात गेले आणि 2010 मध्ये सुप्रीम कोर्टात 5-4 ने जिंकले. त्याआधी 2008 ला वॉशिंग्टन डीसीची हेलर केस झाली होती, घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवणं हा व्यक्तीचा हक्क आहे म्हणून, पण डीसी म्हणजे फेडरल भाग. राज्यं आणि शहरं यांनाही ते लागू आहे हे मॅकडोनाल्ड केसने ठरलं. मग 2022 ला न्यूयॉर्कची ब्रूएन केस, घराबाहेर नेण्यासाठी 'खास कारण दाखवा' ही अट उडाली.

आता नाण्याची दुसरी बाजू, हक्क मिळून आमच्या साउथ साइडला गोळीबार थांबला का? नाही. तिथे चालणाऱ्या बंदुकांचा आणि क्लासला येणाऱ्या लोकांचा संबंध फार थोडा आहे. क्लासवाले म्हणतात भांडण निवळवायला शिकवल्याने फरक पडतो. पडत असेल, मी पुरावा म्हणून काही बघितलं नाही.

मेघना_वेस्टफिली

काय माहिती देता तुम्ही लोक, मी प्रिंट काढून फ्रिजवर लावणार आहे. दोन शंका राहिल्या. एक म्हणजे घरात ठेवायची असेल तरी लायसन्स लागतं का? आणि पोलिसांनी अडवलं तर, हे मला ब्राउन बाई म्हणून खरंच विचारायचंय.

जुना_फिलीकर

पेनसिल्व्हेनियात घरात ठेवायला लायसन्स नाही लागत. हँडगन दुकानातून घ्यायला वय 21 पूर्ण, डीलर स्टेट पोलिसांच्या सिस्टिमवर चेक करतो, झालं. अंगावर लपवून किंवा गाडीत न्यायची तर 'लायसन्स टू कॅरी', फिलीत ते पोलिसांच्या गन परमिट युनिटकडून, फी 20 डॉलर, पाच वर्षं चालतं. त्यासाठी ट्रेनिंगची सक्ती नाही! म्हणजे न्यूयॉर्कला 16 तास वर्ग आणि 2 तास गोळीबार सक्तीचे आहेत, इथे कोणी काही शिकवतच नाही, कार्ड हातात देतात. या क्लासची खरी गरज त्यामुळेच आहे असं माझं मत. फिली शहराला स्वतःचे कडक नियम करायचे होते पण राज्याचा कायदा शहराला ते करू देत नाही, 2024 मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने पण शहराची केस फेटाळली.

कधी वापरता येते यावर क्लासमध्ये सगळ्यात जास्त प्रश्न येतात आणि सगळ्यात जास्त लोक निराश होतात. पोर्चवरून कुणी पॅकेज उचललं, गोळी नाही. रिकामी गाडी कुणी पळवली, गोळी नाही. घरात घुसला तर पळून जायची सक्ती तुमच्यावर नाही, हा कॅसल डॉक्ट्रिन. रस्त्यावर मात्र सुरक्षित निघून जाता येत असेल तर बहुतेक वेळा निघून जायचं, पळायची सक्ती नसणं तिथे फार ठराविक अटींवर आहे, समोरच्याने जीव घेऊ शकेल असं हत्यार दाखवलेलं असणं ही त्यातली एक. आणि शिवी दिली, धक्का मारला, पार्किंग घेतलं, यावर तुम्ही बंदूक नुसती दाखवलीत तरी आत. इन्स्ट्रक्टर बाईंचं वाक्य असायचं की कमरेला पिस्तूल असेल तर भांडणात हरायची सवय लावून घ्या. समोरचा 'घाबरली' म्हणाला तर म्हणू दे.

पोलिसांचं म्हणाल तर इथे स्वतःहून सांगायची सक्ती नाही, विचारलं तर लायसन्स दाखवायचं. न्यू जर्सीत त्यांचं परमिट घेऊन बाळगत असाल तर लगेच सांगावं लागतं. क्लासमध्ये ते खुर्च्या मांडून करून दाखवतात. दोन खुर्च्या म्हणजे गाडी, एक जण पोलीस. हात स्टिअरिंगवर, आतला दिवा लावायचा, 'बंदूक' हा शब्द आधी उच्चारायचा नाही, आधी 'माझ्याकडे कॅरी लायसन्स आहे' म्हणायचं, मग विचारायचं की आता मी काय करू, आणि तो सांगेपर्यंत हात हलवायचा नाही. पाकिटाकडे पण नाही.

आमच्या वेळी एका पोराने विचारलं की फिलांडो कास्टीलने तर सांगितलं होतं ना सगळं. 2016, मिनेसोटा, परमिट असलेला माणूस, शांतपणे पोलिसाला सांगितलं की माझ्याकडे बंदूक आहे, आणि गाडीतच गोळ्या घातल्या, गर्लफ्रेंड आणि लहान मुलगी गाडीत. पोलीस पुढे निर्दोष सुटला. इन्स्ट्रक्टर बाईंनी उगाच सारवासारव केली नाही. म्हणाल्या, हो, सगळं बरोबर करूनही मरू शकतोस, मी फक्त शक्यता कमी करायला शिकवतेय. कायदा कागदावर सगळ्यांना सारखा आहे एवढंच सांगू शकते, रस्त्यावर तो सारखा असेल याची गॅरंटी माझ्याकडे नाही. त्यानंतर बराच वेळ चर्चा त्यावरच झाली आणि जेवणाची सुट्टी उशिरा मिळाली.

पेपरस्प्रे_झिंदाबाद

मध्येच शिरतेय. रात्रपाळीवाल्यांसाठी पेपर स्प्रे पण आहे की, पेनसिल्व्हेनियात कायदेशीर, लायसन्स नको. फक्त हॉस्पिटलच्या आत चालतो का ते सिक्युरिटीला विचारून घे. बंदूक तर बहुतेक हॉस्पिटलं आत आणूच देत नाहीत, मग शिफ्टभर ती ठेवणार कुठे? गाडीच नाहीये तुझ्याकडे. हा प्रश्न कुणीच विचारला नाही!!

मेघना_वेस्टफिली

अगं खरंच की! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ट्रॉलीने येणाऱ्या माणसाने ड्युटीवर बंदूक ठेवायची कुठे, लॅबच्या लॉकरमध्ये तर नक्कीच नाही. म्हणजे ट्रॉली स्टॉपसाठी बंदूक हा विषय इथेच बाद झाला म्हणायचा. नवऱ्याला सांगणार नाही, शनिवारपर्यंत टेन्शनमध्ये राहू दे.

जाणार मात्र आहे, काकूंबरोबर. भाचा ऐकायला येईल, रेंजवर जाणार नाही असं त्याच्याकडून त्याच्या आईसमोर व्हिडिओ कॉलवर कबूल करून घेतलं. त्याने त्याच्या तीन मित्रांना पण वरचा रेंजचा प्रतिसाद पाठवला, त्यातला एक पुढच्या आठवड्यात व्हेगासला जाणार होता मशीनगन उडवायला, बुकिंग कॅन्सल केलं म्हणे.

नोटरी_नाही_वकील_नाही

एवढ्यासाठी तरी धागा कारणी लागला.

मेघनाताई, क्लासमध्ये फुकट केबल लॉक (बंदुकीला लावायचं कुलूप) वाटत असतील तर घेऊन ठेवा, काकूंकडे बंदूक असेल आणि तुमची मुलगी त्यांच्याकडे खेळायला जात असेल तर जास्तच. नवीन हँडगनसोबत डीलरला लॉक द्यावंच लागतं, 2005 पासूनचा फेडरल नियम आहे, पण जुन्या बंदुकांना काहीच नसतं. 'तुमच्याकडे बंदूक आहे का, कुलूपात असते का' हे शेजाऱ्यांना विचारायला आपल्या लोकांना फार संकोच वाटतो. विचारा.

सायली_चेरीहिल

न्यू जर्सीत असे क्लास आहेत का कुणाला माहीत? आता ग्रीन कार्ड आहे हो, वकिलाची अपॉइंटमेंट पण घेतली.

बेन_फ्रँकलिन_ब्रिजवाला

न्यू जर्सीत गंमतच वेगळी. आधी पर्चेसर आयडी कार्ड, त्यासाठी बोटांचे ठसे, ओळखीच्यांचे रेफरन्स, सेफ्टी कोर्स, मग प्रत्येक पिस्तुलाला वेगळं परमिट. त्यामुळे क्लास बरेच आहेत पण बहुतेक पैसेवाले, रेंजवाल्यांचेच. कॅमडेन, नूअर्ककडे चर्चमध्ये वगैरे अधूनमधून फ्री असतात असं ऐकलंय, लायब्ररीच्या नोटीस बोर्डावर बघ. आणि पुलाच्या अलीकडे आलीस तर मेघनाच्या रेक सेंटरला ये, पण लक्षात ठेव, तिथे शिकवतील तो पेनसिल्व्हेनियाचा कायदा, घरी जाताना तो पुलावरच सोडून जायचा.